अकादमिक निबंधाची मांडणी : प्रश्न हाती आल्यापासून प्रत सुपूर्द करेपर्यंत

विद्यापीठात पहिल्यांदा अकादमिक निबंध लिहायला बसणाऱ्याला प्रस्तावना, मुख्य भाग आणि समारोप ही तीन नावे आधीपासून ठाऊक असतात, आणि बहुधा तिथूनच घोटाळ्याला सुरुवात होते. तीन कप्पे तयार आहेत म्हटल्यावर वाचलेले सगळे त्यांत भरणे एवढेच काम उरले, असे वाटू लागते. त्यातून तयार होते ते टिपणांचे संकलन. त्यातली माहिती बरोबर असते, पण ‘मग तुमचे म्हणणे काय?’ या परीक्षकाच्या प्रश्नाला त्यात उत्तर सापडत नाही. असे निबंध मी लिहिले आहेत आणि नंतर इतरांचे कच्चे मसुदे वाचण्याचे कामही माझ्याकडे आले. त्या अनुभवावरून एवढे ठामपणे सांगता येते की, निबंधाची मांडणी म्हणजे कारणांचा क्रम. कोणते कारण आधी यावे आणि कोणते नंतर, हे तुमच्या मध्यवर्ती प्रतिपादनावरून ठरते. ते प्रतिपादनच ठरलेले नसेल, तर मांडणीची कोणतीही क्लृप्ती उपयोगी पडत नाही.

नुसत्या नियमांनी हे समजत नाही, म्हणून पुढील सर्व पायऱ्यांसाठी मी एकच नमुना-प्रश्न घेतला आहे: ‘छपाईच्या शोधामुळेच सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मसुधारणा यशस्वी झाली. या विधानाचे चिकित्सक परीक्षण करा.’ धर्मसुधारणा म्हणजे मार्टिन ल्यूथरने सुरू केलेली, रोमच्या कॅथलिक चर्चपासून प्रोटेस्टंट पंथ वेगळे करणारी चळवळ. शब्दमर्यादा २००० धरू. तुमचा विषय समाजशास्त्र, साहित्य किंवा अर्थशास्त्र असला तरी पायऱ्या याच राहतात. प्रयोगशाळेतील कामाचा अहवाल मात्र वेगळा. त्याची पद्धत, निष्कर्ष आणि चर्चा अशी ठरलेली विभागणी असते आणि हा लेख त्याविषयी नाही.

लिहायला बसण्यापूर्वी जवळ काय हवे

- प्रश्नाचा मूळ मजकूर, शब्दशः. वहीत स्वतःच्या शब्दांत उतरवून घेतलेला नको.
- मूल्यमापनाचे निकष. बहुतेक विभाग ते आधीच देतात, आणि बहुतेक विद्यार्थी ते गुण आल्यावर वाचतात.
- शब्दमर्यादा, आणि तीत तळटीपा व संदर्भसूची धरली जाते की नाही याचा खुलासा.
- संदर्भ देण्याची कोणती शैली अपेक्षित आहे याची लेखी सूचना.
- संदर्भांची नोंद ठेवण्याचे साधन. झोटेरो मोफत मिळते आणि या कामाला पुरेसे आहे. संदर्भ मोजके असतील तर साधा तक्ताही चालतो.
- कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्याविषयीचा विभागाचा नियम. हे नियम अभ्यासक्रमागणिक बदलतात, तेव्हा मित्राला त्याच्या विभागात परवानगी आहे म्हणून तुम्हालाही असेल, असे धरून चालू नका.

१. प्रश्न फोडून वाचा

प्रत्येक प्रश्नात तीन गोष्टी वेगळ्या करता येतात: काय करायचे आहे, कशाविषयी करायचे आहे आणि कोणत्या मर्यादेत करायचे आहे. ‘वर्णन करा’ म्हटले असेल तर स्वरूप सांगायचे. ‘तुलना करा’ म्हटले असेल तर दोन्ही बाजूंना एकच मापदंड लावायचा. ‘चर्चा करा’ म्हटले असेल तर वेगवेगळ्या भूमिका मांडून त्यांचे वजन करायचे. आणि ‘चिकित्सक परीक्षण करा’ म्हटले असेल तर दिलेले विधान कितपत टिकते, कुठे टिकत नाही आणि का, हे ठरवायचे. शेवटच्या प्रकारात सर्वांत जास्त निबंध फसतात, कारण चिकित्सा म्हणजे दोष काढणे असा समज असतो. विधान बऱ्याच अंशी बरोबर आहे असे दाखवणारा निबंधही चिकित्सकच असतो. अट एवढीच की, ते तपासून सांगितलेले असावे.

आपल्या नमुन्यात विषय दोन आहेत, छपाई आणि धर्मसुधारणा, पण प्रश्न त्या दोहोंपैकी एकाचाही नाही. प्रश्न आहे त्यांच्यातील कार्यकारणसंबंधाचा, आणि ‘मुळेच’ मधल्या ‘च’ने तो संबंध एकमेव ठरवला आहे. त्याखेरीज ‘यशस्वी’ म्हणजे काय, हेही प्रश्नकर्त्याने मोकळे सोडले आहे: अनुयायी वाढणे, की कायद्याने मान्यता मिळणे? अशा मोकळ्या सोडलेल्या शब्दांखाली रेघ मारा. त्यांचा अर्थ निश्चित करणे हे पुढे तुमच्या निबंधाचे पहिले काम ठरते, आणि अनेकदा सबंध प्रतिपादन त्यावरच उभे राहते.

ही पायरी गाळली तर काय होते, ते मसुद्यांत नेहमी दिसते. छपाईचा इतिहास दोन पाने, ल्यूथरचे चरित्र दोन पाने, आणि शेवटच्या अर्ध्या पानात दोघांची गाठ घालण्याची धडपड.

२. वाचताना टिपणे प्रश्नाच्या अंगाने घ्या

आधी पाठ्यपुस्तकातील किंवा विश्वकोशातील एखादी विश्वसनीय नोंद वाचून घटनाक्रम पक्का करा, आणि मग विषयावरील अभ्यासकांकडे वळा. टिपण घेताना पानाचे तीन भाग करावेत: लेखकाचे म्हणणे, त्याने दिलेला पुरावा आणि माझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध. तिसरा रकाना कोरा राहत असेल, तर ते टिपण कितीही रंजक असले तरी निबंधात येणार नाही, हे तेव्हाच कळून चुकते. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले, तर त्याच क्षणी अवतरणचिन्हे आणि पृष्ठांक टाका. वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणे लबाडीतून उद्भवत नाहीत. महिनाभरापूर्वीच्या टिपणातले वाक्य आपले की पुस्तकातले, हेच लिहिणाऱ्याला आठवत नसते.

अभ्यासकांची मते एकामागून एक नोंदवू नका. ती एकमेकांसमोर उभी करा. इतिहासकार एलिझाबेथ आयझेनस्टाइन यांनी १९७९ मध्ये छपाईला परिवर्तनाची स्वतंत्र प्रेरक शक्ती मानले आणि छापील मजकुराला येणाऱ्या स्थिरतेवर भर दिला. दुसरे इतिहासकार एड्रियन जॉन्स यांनी १९९८ मध्ये त्यावर आक्षेप घेतला की, ही स्थिरता यंत्रातून आपोआप आलेली नाही, ती मुद्रक, विक्रेते आणि वाचक यांच्या प्रयत्नांतून घडत गेली. ‘आयझेनस्टाइन असे म्हणतात, जॉन्स तसे म्हणतात’ एवढे लिहिणे ही झाली यादी. ‘या दोघांतील वाद यंत्राला स्वतःचे सामर्थ्य असते की ते वापरणाऱ्यांकडून येते, याविषयीचा आहे, आणि प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून आहे’ असे लिहिता आले, की वाचन पचले असे समजावे.

३. मध्यवर्ती प्रतिपादन एका वाक्यात लिहा

निबंधाचा कणा म्हणजे हे एक वाक्य. ते कसे असावे यापेक्षा कसे नसावे, हे सांगणे सोपे आहे. ‘या निबंधात छपाई आणि धर्मसुधारणा यांच्या संबंधाचा आढावा घेतला आहे’ हे प्रतिपादन नव्हे, ती विषयाची घोषणा झाली. ‘छपाईचा शोध अत्यंत महत्त्वाचा होता’ हेही नव्हे, कारण त्याला कोणी नाही म्हणणार नाही. ‘छपाईचे काही फायदे होते व काही मर्यादा होत्या’ हे तर कोणत्याही विषयावर चिकटवता येते.

आता हे पाहा: ‘छपाईने धर्मसुधारणेच्या प्रसाराचा वेग आणि आवाका वाढवला, परंतु ती टिकली आणि तिला कायदेशीर मान्यता मिळाली ती प्रादेशिक सत्ताधीशांच्या संरक्षणामुळे, म्हणून छपाईला यशाचे प्रभावी साधन म्हणता येईल, एकमेव कारण म्हणता येणार नाही.’ या वाक्याशी एखादा जाणकार असहमत होऊ शकतो. ते सिद्ध करण्यासाठी काय काय दाखवावे लागेल, हे त्याच्या पोटातच आहे: वेग कसा वाढला, संरक्षण कोणी दिले, मान्यता केव्हा मिळाली. आणि मूळ प्रश्नातील ‘च’ला त्यात थेट उत्तर आहे.

कच्चे प्रतिपादन वाचनाच्या मध्यावरच लिहून काढा आणि पुढे ते बदलू द्या. सगळे वाचून झाल्यावर मत बनवू, असे म्हणणाऱ्यांचे वाचन कधी संपत नाही. मात्र अंतिम मसुदा हाती घेताना ते स्थिर असले पाहिजे, अन्यथा पहिल्या पानावर एक भूमिका आणि पाचव्या पानावर दुसरी, असा प्रकार होतो.

४. आराखडा पूर्ण वाक्यांत करा

‘पार्श्वभूमी – छपाईची भूमिका – इतर घटक – निष्कर्ष’ असा आराखडा कागदावर नीटनेटका दिसतो आणि लिहिताना काहीच मदत करत नाही, कारण त्यात शब्द आहेत पण म्हणणे नाही. प्रत्येक परिच्छेदासाठी एक पूर्ण वाक्य लिहावे, आणि ती वाक्ये सलग वाचली असता युक्तिवाद कळावा. नमुन्यादाखल:

- यश म्हणजे केवळ अनुयायी मिळणे नव्हे. चळवळ दडपली न जाणे आणि तिला कायदेशीर स्थान मिळणे, या अर्थाने येथे तो शब्द घेतला आहे.
- ल्यूथरच्या जर्मन पुस्तिकांना छपाईमुळे हस्तलिखितांना अशक्य असलेला वेग मिळाला.
- तथापि बहुसंख्य लोक निरक्षर असल्याने छापील मजकूर त्यांच्यापर्यंत प्रवचने, गीते आणि चित्रे यांच्या मार्फतच पोहोचला.
- छपाईपूर्वीचा बोहेमियातील (आजच्या चेकियातील) धर्मसुधारक यान हुस याला १४१५ मध्ये जाळण्यात आले, यावरून छपाई निर्णायक होती असा युक्तिवाद करता येतो.
- परंतु हुसच्या मृत्यूनंतरही बोहेमियात त्याचे अनुयायी स्थानिक पाठबळावर छपाईविना टिकले.
- १५२१ मध्ये वर्म्सच्या साम्राज्यसभेने ल्यूथरला कायद्याच्या संरक्षणाबाहेर ठरवले, तेव्हा सॅक्सनीचा शासक फ्रेडरिक याने त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यात आश्रय दिला.
- १५५५ च्या ऑग्सबर्ग तहाने कोणता पंथ चालवायचा हे ठरवण्याचा अधिकार प्रादेशिक सत्ताधीशांना दिला, म्हणजेच यशाला अंतिम रूप राजकीय निर्णयाने मिळाले.

यातील क्रम कालानुक्रम नाही, हे लक्षात घ्या. हुस ल्यूथरच्या शंभर वर्षे आधीचा, तरी तो चौथ्या जागी आहे, कारण त्याचे काम पार्श्वभूमी सांगणे नसून एका आक्षेपाला जागा देणे हे आहे. इतिहासाच्या विषयात कालक्रम इतका आयता मिळतो की मांडणीचा निर्णय आपण घेतलाच नाही, हे विद्यार्थ्याच्या ध्यानातही येत नाही. साहित्याच्या निबंधात हीच चूक कथानकाच्या क्रमाने होते: पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत गोष्ट सांगत जायचे आणि मधूनमधून शेरे मारायचे. वाचकाच्या मनात पुढची शंका कोणती उठेल, हे पाहून पुढचे वाक्य निवडावे.

शब्दांची वाटणीही याच टप्प्यावर करा. २००० शब्दांच्या निबंधात प्रस्तावनेला सुमारे २००, समारोपाला १५० ते २०० आणि उरलेले साधारण १६०० शब्द मुख्य भागाला, असा ढोबळ हिशेब बहुतेक ठिकाणी चालतो. एक विकसित परिच्छेद दीडशे ते अडीचशे शब्द घेतो. म्हणजे सात ते नऊ परिच्छेद, त्याहून जास्त मुद्दे बसणार नाहीत. आराखड्यात पंधरा मुद्दे असतील, तर निम्मे आताच काढा. नंतर काढणे जिवावर येते.

५. परिच्छेद: सर्वाधिक वेळ इथे द्या

निबंधाची गुणवत्ता परिच्छेदात ठरते. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाचे जे विश्लेषण मांडले, त्यातील तीन घटक येथे कामाचे आहेत: दावा, पुरावा आणि पुराव्यावरून दाव्याकडे जाण्याचा आधार. नवशिक्या लेखकाकडे पहिले दोन असतात; तिसरा त्याच्या मनात असतो आणि कागदावर येत नाही. आपल्याला जे उघड वाटते ते वाचकालाही उघड असेल, असे तो गृहीत धरतो.

हुसचेच उदाहरण घ्या. हुसला १४१५ मध्ये जाळले, ल्यूथर वाचला. मधल्या काळात छपाई आली. एवढ्या पुराव्यावरून छपाईने फरक पडला असे एकजण म्हणेल. दुसरा म्हणेल की, हुसला संरक्षण देणारा सत्ताधीश ऐनवेळी नव्हता आणि ल्यूथरला तो होता. वस्तुस्थिती तीच, पण निष्कर्ष दोन. तेव्हा पुरावा ठेवून पुढे निघून जाऊ नका. त्याचा हाच अर्थ का लावायचा, ते सांगणारी दोन-तीन वाक्ये लिहा. गुण त्या वाक्यांना मिळतात.

पुढील परिच्छेद मसुद्यांत नेहमी आढळणाऱ्या साच्याचा आहे:

‘मार्टिन ल्यूथर हा जर्मन धर्मशास्त्रज्ञ होता. त्याने १५१७ मध्ये ९५ विधाने मांडली. ही विधाने छापली गेली. त्या काळी छपाईचा प्रसार वेगाने होत होता. १५२२ मध्ये त्याने बायबलच्या नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. अशा प्रकारे छपाईचे महत्त्व फार मोठे होते.’

प्रत्येक वाक्य खरे आहे, पण कोणतेही वाक्य दुसऱ्याचा हात धरत नाही. शेवटचे ‘अशा प्रकारे’ तर आधी न झालेल्या युक्तिवादाचा निष्कर्ष काढते. आता तोच मजकूर एका दाव्याभोवती रचलेला:

‘छपाईचा निर्णायक उपयोग ल्यूथरच्या ९५ विधानांपेक्षा त्यानंतरच्या जर्मन पुस्तिकांत दिसतो. १५१७ ची मूळ विधाने लॅटिनमध्ये, विद्वानांच्या वादासाठी लिहिलेली होती. ती छापली गेली तरी लॅटिन न येणाऱ्याला ती थेट खुली नव्हती. १५१८ मध्ये ल्यूथरने पापविमोचनपत्रांवर (पापांची शिक्षा माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांवर) जर्मन भाषेत छोटे प्रवचन लिहिले, आणि त्याच्या अनेक आवृत्त्या वेगवेगळ्या शहरांतून निघाल्या. अशी मोजक्या पानांची पुस्तिका छापायला भांडवल आणि वेळ कमी लागत असल्यामुळे दूरच्या मुद्रकालाही ती स्वतःच्या जबाबदारीवर छापणे परवडत होते. म्हणजे प्रसाराला यंत्र कारणीभूत झाले हे खरे, पण लोकभाषा आणि आटोपशीर आकार यांच्या जोडीने. एकटे यंत्र पुरेसे असते, तर लॅटिन विधानांनाही तेवढाच वाचकवर्ग मिळायला हवा होता.’

पहिले वाक्य दावा करते, मधली वाक्ये पुरावा देतात, पाचवे वाक्य यंत्रणा उलगडते आणि शेवटचे वाक्य परिच्छेद मूळ प्रश्नाकडे परत आणते. नव्या करारासंबंधीची माहिती गळली आहे. ती चुकीची नव्हती, या दाव्याला तिची गरज नव्हती. प्रत्येक परिच्छेद नेमका याच साच्यात बसवावा असे नाही, आणि बसवल्यास निबंध यांत्रिक होतो. पण ‘हा परिच्छेद नेमके काय सिद्ध करतो?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नसेल, तर तो एक तर दोन परिच्छेदांचा आहे किंवा अनावश्यक आहे.

परिच्छेदांची जोडणी ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘याशिवाय’ यांवर सोपवू नका. सलग तीन परिच्छेद ‘तसेच’ने सुरू होत असतील, तर तिथे यादी चालू आहे हे नक्की. ‘वेग वाढला हे मान्य केले, तरी वाचता न येणाऱ्यांचे काय?’ असा आधीच्या परिच्छेदातून निघणारा प्रश्न ही खरी जोडणी आहे, आणि तिला जोडशब्दाची फारशी गरज पडत नाही.

६. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडा

आपल्या शास्त्रीय वादपद्धतीत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचे आणि मग उत्तरपक्ष करायचा, अशी रीत आहे; अकादमिक निबंधाला ती तंतोतंत लागू पडते. आक्षेप दुबळा करून घेतला तर त्याचे खंडन सोपे होते, पण जाणकार परीक्षकाला ते पहिल्या ओळीत कळते. आपल्या नमुन्यात ‘काहींच्या मते छपाई महत्त्वाची होती’ हा पूर्वपक्ष नव्हे. ‘संरक्षण देणारे सत्ताधीशदेखील छापील पुस्तिकांतून तयार झालेल्या लोकमताचा विचार करूनच निर्णय घेत होते; म्हणून संरक्षण हे स्वतंत्र कारण न मानता छपाईचाच परिणाम मानावे’ हा खरा पूर्वपक्ष, कारण तो प्रतिपादनाच्या मुळाशी जातो.

उत्तर तीन प्रकारे देता येते: आक्षेपाचा आधार चुकीचा आहे असे दाखवून, तो काही ठिकाणी खरा पण इथे लागू नाही असे दाखवून, किंवा तो अंशतः मान्य करून आपले प्रतिपादन तेवढे आवरते घेऊन. तिसऱ्या प्रकाराची विद्यार्थ्यांना उगाच भीती वाटते. ‘काही नगरांच्या बाबतीत हे मान्य करावे लागते, परंतु…’ असे लिहिणारा लेखक अधिक विश्वासार्ह ठरतो. फक्त सगळेच मान्य करून शेवटी ‘दोन्ही बाजू आपापल्या जागी योग्य आहेत’ इथे येऊन थांबू नका.

पूर्वपक्षाची जागा ठरलेली नाही. एकच मोठा आक्षेप असेल तर तो मुख्य युक्तिवादानंतर यावा. प्रत्येक मुद्द्यावर वेगळा आक्षेप असेल तर तो त्या त्या मुद्द्यापाशीच हाताळावा.

७. प्रस्तावना आणि समारोप शेवटी लिहा

प्रस्तावनेचे काम तीन गोष्टींत आटोपते: प्रश्न कोणता आणि तो वादाचा का आहे, तुमचे प्रतिपादन काय, आणि ते कोणत्या क्रमाने सिद्ध होणार. ‘मानवी इतिहासाच्या प्रारंभापासून संवादाची गरज भासत आली आहे’ अशा विश्वव्यापी वाक्याने सुरुवात करण्याचा मोह टाळा. ज्या वाक्याखाली दुसरा कोणताही निबंध लिहिता येईल, ते वाक्य तुमच्या निबंधाचे नाही. शब्दकोशातील व्याख्येने सुरुवात करणेही तसेच. संज्ञेच्या अर्थाविषयी खरोखर वाद असेल तरच व्याख्या द्यावी, आणि तीही विषयातील अभ्यासकाची.

आधी लिहिलेली प्रस्तावना प्रत्यक्षात न लिहिलेल्या निबंधाचे आश्वासन देत असते. म्हणून सुरुवातीला दोन ओळींची तात्पुरती प्रस्तावना ठेवून पुढे जावे आणि मुख्य भाग पूर्ण झाल्यावर ती नव्याने लिहावी.

समारोपात नवा पुरावा आणू नये, तसेच प्रस्तावनेतील वाक्ये फिरवून लिहू नयेत. एवढे सिद्ध झाल्यावर त्याचा अर्थ काय होतो, हे तिथे सांगायचे असते. आपल्या नमुन्यात असे म्हणता येईल की, एखाद्या तंत्राला ऐतिहासिक परिवर्तनाचे कारण ठरवताना त्या तंत्राला संरक्षण देणाऱ्या सत्तेचाही हिशेब मांडावा लागतो. हे मुख्य भागातूनच निघते, पण मुख्य भागात कुठेही या शब्दांत आलेले नाही.

८. संदर्भ लिहितानाच द्या

प्रत्येक शैलीची रीत वेगळी असते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीत मजकुरात लेखकाचे आडनाव आणि वर्ष येते. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या शैलीत आडनाव आणि पृष्ठांक येतो. शिकागो शैलीचा तळटीपांचा प्रकार इतिहासाच्या लेखनात विशेष रूढ आहे. कोणती चांगली हा प्रश्नच नाही. विभागाने सांगितलेली एकच निवडावी आणि स्वल्पविरामापर्यंत तीच पाळावी. आवृत्तीही पाहून घ्या. उदाहरणार्थ, पहिल्या शैलीच्या २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून संदर्भसूचीत प्रकाशनस्थळ देत नाहीत, आणि जुन्या मार्गदर्शिकेवरून काम करणारे अजून ते देत असतात. संदर्भ आपोआप तयार करणारी साधने वापरली, तरी प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घाला. लेखकाच्या नावाची उलटापालट आणि गहाळ वर्ष हे तिथले नेहमीचे दोष आहेत.

दुसऱ्याचे वाक्य चार शब्द बदलून लिहिले आणि संदर्भ दिला, तरीही ते वाङ्मयचौर्यात मोडू शकते. मूळ पुस्तक मिटून, तो विचार आपल्या वाक्यरचनेत लिहावा आणि मग पुस्तक उघडून अर्थ ताडून पाहावा. थेट अवतरण तेव्हाच द्यावे, जेव्हा त्या लेखकाचे नेमके शब्दच तुमच्या विश्लेषणाचा विषय असतील. आणि ज्या ग्रंथाचा उल्लेख तुम्ही दुसऱ्याच्या पुस्तकात वाचला, तो स्वतः वाचल्यासारखा सूचीत घालू नये. ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असे मोकळेपणाने लिहावे.

९. उलटा आराखडा काढून मसुदा तपासा

मसुदा पूर्ण झाल्यावर निदान एक रात्र मध्ये जाऊ द्या. नंतर कोऱ्या कागदावर प्रत्येक परिच्छेदाचा दावा एका ओळीत लिहा. ठरवला होता तो लिहू नका, प्रत्यक्ष कागदावर उतरला आहे तो लिहा. ही उलट्या दिशेने केलेली रूपरेषा मूळ आराखड्याशेजारी ठेवली की दुरुस्त्या आपोआप दिसतात: दोन परिच्छेद एकच गोष्ट सांगत आहेत, एकाचा दावाच सापडत नाही, तिसऱ्याचा दावा शेवटच्या ओळीत दडला आहे. दडलेला दावा ही फार सामान्य बाब आहे, कारण लिहिता लिहिता आपल्याला शेवटी तो सापडतो. तो उचलून पहिल्या ओळीत आणा आणि बाकीचा परिच्छेद त्याला जुळवून घ्या.

भाषेची डागडुजी यानंतरच करा, कारण जो परिच्छेद वगळायचा आहे त्याचे शुद्धलेखन सुधारण्यात अर्थ नाही. ‘निःसंशय’, ‘सर्वज्ञात आहे की’, ‘सिद्धच झाले आहे’ हे शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी पुरावा आहे का ते पाहा. पुराव्याची उणीव भरून काढण्यासाठीच ते बहुधा वापरलेले असतात. ‘मानले जाते’, ‘म्हटले जाते’ अशा कर्ता नसलेल्या वाक्यांपाशी थांबून, कोण मानते ते लिहा. सलग सहा ओळींचे वाक्य मोठ्याने वाचा. जिथे श्वास तुटतो तिथे बहुधा दोन वाक्ये असतात.

प्रत सुपूर्द करण्याच्या दिवशी लेखनाचे काहीही शिल्लक ठेवू नका. त्या दिवशी एवढेच तपासा: मजकुरात उल्लेखलेला प्रत्येक ग्रंथ सूचीत आहे आणि सूचीतील प्रत्येक ग्रंथ मजकुरात आला आहे, शब्दसंख्या मर्यादेत आहे, पृष्ठांक पडले आहेत, नाव लिहायचे की केवळ परीक्षा क्रमांक, याविषयीची सूचना पाळली आहे, धारिका मागितलेल्या प्रकारातच आहे. ऑनलाइन प्रत चढवल्यानंतर ती पुन्हा उतरवून उघडून पाहा. जुना मसुदा चढवला गेला असेल तर तो मुदतीच्या आत बदलता येतो. पोच मिळाली की ती जपून ठेवा.